नावापुढचं एक अक्षर : कायद्याच्या संक्षेपांतला पूर्वग्रह



आजचा विषय कळवला तेव्हा आयोजकांपैकी एक तरुण मला म्हणाला, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हा विषय वकिलांचा नाही का?" त्याचं बरोबर आहे. मी वकील नाही. आयुष्यभर मी मुलांना तर्कशास्त्र शिकवलं. पण या विषयात मला ढकललं ते माझ्या आत्यानं, आणि ती शाळेची पायरीही चढलेली नव्हती. म्हणून सुरुवात तिच्यापासून करतो.

आत्याचं सासर सेनगावकडचं. नवरा आणि थोरले दीर यांची जमीन एकत्र होती. नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. पुढं दीरही गेले. मग एके दिवशी ती एक सातबाऱ्याची नक्कल घेऊन माझ्याकडं आली. मी तेव्हा नुकताच डॉक्टरेट घेऊन आलो होतो, गावात माझा दबदबा होता. कागद माझ्या पुढ्यात ठेवून ती म्हणाली, "लै शिकलास म्हणतेत तुला. मग सांग, यात मी कुठं हाये?"

मी कागद पाहिला. दिराचं नाव होतं, त्याच्यापुढं 'ए.कु.क.' अशी तीन अक्षरं होती. खाली फेरफार होऊन दिराच्या मुलांची नावं लागलेली. आत्याचं नाव कुठंच नव्हतं. आणि ही तीन अक्षरं म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं! खरं सांगतो, मला लाज वाटली. परदेशी तत्त्वज्ञांची पुस्तकं वाचणारा माणूस आपल्या जिल्ह्यातला एक कागद वाचू शकत नव्हता.

'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता. म्हणजे जमीन दिराची एकट्याची नव्हती, ती सगळ्या घराची होती. दीर घराच्या वतीनं उभे होते, एवढंच ती अक्षरं सांगत होती. पण ते मरण पावल्यावर वारस म्हणून फक्त त्यांची मुलं लागली आणि ती तीन अक्षरं कुणी उलगडून वाचलीच नाहीत. आत्याचा हक्क कायद्यानं गेला नव्हता. तो एका संक्षेपात अडकून पडला होता. तिथून बाहेर काढायला अकरा वर्षं लागली.

तर आजचं माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. न्यायाधीशाचा पक्षपात कसा ओळखायचा हे कायद्यानं फार पूर्वी शिकून घेतलं, पण कागदावरच्या अक्षरांमध्ये जो पूर्वग्रह गोठून बसलेला असतो, तो ओळखायचं काम अजून बरंच बाकी आहे. आणि ते काम वाचकाचं आहे, म्हणजे तुमचं आणि माझं.

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. एक पक्षपात, दुसरा पूर्वग्रह. इंग्रजीत दोन्हीला पुष्कळदा एकच शब्द वापरतात, 'बायस'. मराठीत आपल्याला सोय आहे, ती वापरू या. पक्षपात हा माणसाचा असतो. तो एका बाजूकडं झुकतो. पूर्वग्रह म्हणजे विचार करण्याआधीच धरून ठेवलेली समजूत. ती माणसात असते, तशीच भाषेतही असते.

पक्षपाताबद्दल कायदा फार कडक आहे. कुणीही स्वतःच्या प्रकरणात न्यायाधीश होऊ नये, हे जुनं तत्त्व. आपल्याकडं या विषयातला गाजलेला निकाल म्हणजे ए. के. क्रैपाक विरुद्ध भारत सरकार, १९६९. वनसेवेसाठी अधिकारी निवडायचे होते. निवड मंडळावर जम्मू-काश्मीरचे हंगामी मुख्य वनसंरक्षक होते आणि तेच स्वतः उमेदवारही होते. त्यांचं नाव चर्चेला आलं तेव्हा ते बैठकीतून उठले. पण प्रतिस्पर्ध्यांची नावं आली तेव्हा बसून राहिले! सर्वोच्च न्यायालयानं ती निवड रद्द केली. त्यातला विचार महत्त्वाचा आहे. माणसाच्या मनात पक्षपात होता की नाही, हे कुणाला उघडून बघता येत नाही. म्हणून पक्षपाताची वाजवी शक्यता होती का, एवढंच बघायचं.

जाता जाता संक्षेपाचा एक धडा इथंच घेऊ. हा निकाल वकील असा लिहितात : 'एआयआर १९७० एससी १५०'. एआयआर म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर, आपल्या नागपूरहून निघणारं निकालपत्र. एससी म्हणजे सुप्रीम कोर्ट. १५० हा पानाचा आकडा. आणि १९७०? निकाल तर १९६९ चा आहे. १९७० हे तो छापल्याचं साल. नवखा वाचक इथं हमखास चुकतो. पण ही चूक साधी आहे, कुणीही दुरुस्त करील.

आपल्या मराठवाड्यात अशी आणखी एक साधी चूक व्हायची. निजामाच्या राज्यात सरकारी कागदांवर फसली साल असायचं. जमीन महसुलाचा हैदराबादचा कायदा १३१७ फसलीचा आहे, म्हणजे इसवी सनाप्रमाणे १९०७-०८. साधारण ५९० मिळवायचे. कागदावर सालापुढं नुसतं 'फ.' असायचं. नक्कल करणाऱ्याच्या हातून तो 'फ.' सुटला, तर कागद ५९० वर्षं मागं जायचा! आजोबांनी जमीन अलाउद्दीन खिलजीच्या आसपास घेतली असं दिसायला लागायचं.

तुम्ही हसलात. चूक डोळ्यात भरते म्हणून आपण हसतो. निरपराध संक्षेपाची खूण हीच, की तो चुकला तर लगेच दिसतं. पूर्वग्रह असलेला संक्षेप मात्र चुकलेला दिसतच नाही. तो बरोबरच वाटतो, कारण आपण सगळेच त्याच्यासारखा विचार करत असतो.

हे फ्रान्सिस बेकन या इंग्रज तत्त्वज्ञाला चांगलं कळलं होतं. १६२० साली त्यानं माणसाच्या बुद्धीला फसवणाऱ्या चार प्रकारच्या मूर्ती सांगितल्या. त्यातली एक बाजारातली मूर्ती, म्हणजे शब्दांची. बाजारात लोक बोलण्यानं एकत्र येतात. तिथं शब्द घडतात ते सर्वसामान्य समजुतीप्रमाणं, आणि मग तेच शब्द उलटून बुद्धीवर राज्य करतात. हा बेकन इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सलर होता, मोठा न्यायाधीश. आणि पुढच्याच वर्षी, १६२१ मध्ये, पक्षकारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपावरून पार्लमेंटनं त्याला दोषी ठरवलं. त्यानंही ते कबूल केलं. बघा, भाषेतला पूर्वग्रह ज्याला दिसला, तो स्वतःच्या पक्षपातात सापडला. आपल्याकडं उलट उदाहरण रामशास्त्री प्रभुण्यांचं. नारायणरावांच्या खुनाचा दोष त्यांनी सत्तेवर बसलेल्या राघोबादादांच्या तोंडावर सांगितला. ती ताठ मानेची निःपक्षपाती परंपरा आपल्याला माहीत आहे, तिचा अभिमानही आहे. पण रामशास्त्र्यांसारखा न्यायाधीश मिळाला, तरी त्याच्यापुढं जो कागद येतो त्यातली अक्षरं कुणी लिहिली? तो प्रश्न उरतोच.

आता आपल्या भागातल्या कागदांकडं येतो.

हिंगोली १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात. तिथं आधी फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू ही राज्यकारभाराची भाषा. गावात पाटील-कुलकर्ण्यांचं लिखाण मराठी, पुष्कळदा मोडीत. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो, १९५६ मध्ये मुंबई राज्यात गेलो, १९६० ला महाराष्ट्रात आलो आणि १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला. राज्यं बदलली, जिल्हे बदलले. पण खासरा पत्रकातून पहाणी पत्रकात, पहाणी पत्रकातून सातबाऱ्यावर नावं उतरत गेली ती आपापली अक्षरं सोबत घेऊन. लिहिणाऱ्याला घाई होती, रकाना अरुंद होता, शाई जपून वापरायची होती. म्हणून संक्षेप. यात कुणाचा दुष्टावा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

माणसाची ओळख लिहायची तर उर्दू कागदात 'वल्द', म्हणजे अमक्याचा मुलगा. देशावरच्या जुन्या मराठी कागदांत 'बिन'. आपल्याकडं पुढं 'पि.', म्हणजे पिता. आणि बाई असेल तर? देशावरच्या जुन्या कागदांत बाईचं नाव, मग 'कोम', मग नवऱ्याचं नाव. आपल्याकडं 'भ्र.'. इथल्या ज्येष्ठ मंडळींनी हा 'भ्र.' हजार वेळा पाहिला असेल. भ्रतार, म्हणजे नवरा.

आता हा शब्द उलगडून बघा. भ्रतार आला संस्कृत 'भर्ता'वरून. मूळ धातू भृ, म्हणजे भरणपोषण करणं, भार वाहणं. भर्ता म्हणजे पोसणारा. त्याच धातूपासून भार्या, म्हणजे जिला पोसायचं ती. आणि त्याच धातूपासून भृत्य, म्हणजे नोकर. एका धातूची ही तीन लेकरं! सातबाऱ्यावर दीड अक्षर लिहिलं की एक अख्खा सिद्धान्त लिहिला जातो : हा पोसतो, ही पोसली जाते. आता वसमतकडं हळदीच्या हंगामात एखाद्या शेतावर जाऊन उभे राहा. बेणं लावताना, खुरपताना, काढणीला, शिजवून वाळत घालताना कुणाचे हात पिवळे झालेत ते बघा. मग ठरवा, भार कोण वाहतं.

कुणी म्हणेल, सर, व्युत्पत्ती कोण बघतो? लिहिणाऱ्यानं फक्त 'पत्नी' एवढाच अर्थ धरला. मान्य. व्युत्पत्तीवरून खटला चालत नाही. म्हणून मी दुसरी, जास्त व्यावहारिक कसोटी लावतो. मी तिला उलटापालटीची कसोटी म्हणतो. जी खूण एकाला लावतो, ती दुसऱ्याला लावता येते का ते बघायचं. पुरुषाच्या नावापुढं त्याच्या बायकोचं नाव सांगणारा संक्षेप आपल्या दप्तरात आहे का? नाही. पुरुष जन्मला तेव्हा 'पि.', लग्न झालं तरी 'पि.', विधुर झाला तरी 'पि.'. बाई मात्र माहेरी 'पि.', सासरी 'भ्र.', आणि नवरा गेला तरी 'भ्र.'च. बरं, 'पि.' लागला काय आणि 'भ्र.' लागला काय, आईचं नाव दोन्हीत नाही.

याचा परिणाम काय होतो? एकच बाई दोन कागदांवर दोन बायका होते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं. मग वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागायला ती गेली, की तिला आधी हे सिद्ध करावं लागतं, की ती ही आणि ही ती. प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, हेलपाटे. भावाला हे काहीच करावं लागत नाही. भावाशी वाद घालण्याआधी बहिणीला स्वतःशीच आपली ओळख पटवून द्यावी लागते. यात एकही अधिकारी पक्षपाती नसेल, सगळे सभ्य असतील. तरीही रस्ता एकीला लांब आणि एकाला जवळ पडला. भाषेतला पूर्वग्रह असा काम करतो.

इथं मला रुखमाबाईंची आठवण होते. मुंबईतला १८८४ ते १८८८ चा खटला. लहानपणी लग्न लावलेलं, मोठी झाल्यावर नवऱ्याकडं नांदायला जायला त्यांनी नकार दिला. नवऱ्यानं दावा लावला. दाव्याचं कायदेशीर नाव दांपत्य हक्कांची पुनःस्थापना. शब्द ऐका : पुनःस्थापना. म्हणजे आधी असलेलं काहीतरी परत जागेवर ठेवायचं. पण जे कधी नव्हतंच, ते परत कसं ठेवणार? नांदणं सुरूच झालं नव्हतं. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी असाच प्रश्न ओळखून दावा फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला, १८८७ मध्ये त्यांना हुकूम झाला : नवऱ्याकडं जा, नाहीतर सहा महिने कैदेत जा. रुखमाबाई कैदेला तयार झाल्या. शेवटी १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि पुढं त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या.

तो खटला निकालपत्रात असा छापलाय : 'दादाजी भिकाजी वि. रुखमाबाई', आयएलआर ९ मुंबई ५२९. आयएलआर म्हणजे इंडियन लॉ रिपोर्ट्स. यात दादाजींना वडिलांचं नाव आहे. रुखमाबाईंना नाही. वडिलांचं नाही, आणि नवऱ्याचंही नाही. कसं लावणार? नवरा तर 'वि.'च्या पलीकडं उभा होता! 'वि.' म्हणजे विरुद्ध. मला नेहमी वाटतं, त्या काळच्या कायद्याच्या कागदात एखाद्या बाईला आपलं नुसतं नाव मिळायचं असेल, तर आधी असं विरुद्ध उभं राहावं लागत होतं. गंमत बघा, याच बाईंनी १८८५ मध्ये वर्तमानपत्रात बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली, तेव्हा खाली नाव घातलं नव्हतं. 'एक हिंदू स्त्री' एवढंच.

आता आत्याच्या 'क.'कडं परत येऊ. कर्ता.

पाणिनीनं व्याकरणात कर्ता कोणाला म्हटलं? क्रियेत जो स्वतंत्र, त्याला. म्हणजे कर्ता हे काम आहे, जन्मानं मिळालेला मान नाही. कायद्यात मात्र यावर मोठं भांडण झालं, आणि ते आपल्या शेजारी नागपुरात झालं. १९४० च्या दशकात नागपूरच्या उच्च न्यायालयापुढं प्रश्न आला, की घरात मोठा पुरुष नसेल तर विधवा आई घरची कर्ती होऊ शकते का? तिनं मुलांसाठी केलेलं कर्ज घरावर बंधनकारक का? न्यायालयानं म्हटलं, होय. कोण कारभार करतं ते बघा. एआयआर १९४७ नाग. १७८, ज्याला वाचायचं त्यानं जरूर वाचावं. पण १९६५ मध्ये, साखर कारखान्याच्या एका कराच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं ही वाट बंद केली. म्हटलं, कर्ता व्हायचं तर आधी सहदायाद असलं पाहिजे, म्हणजे जन्मतः एकत्र मिळकतीत हक्क असलेला. विधवा सहदायाद नाही, म्हणून ती कर्ता नाही. नागपूरनं हात बघितले होते, दिल्लीनं जन्म बघितला.

मग पुढं काय झालं? कायदा बदलला. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलीला सहदायाद केलं, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्यांना वगळून. केंद्रानं ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्याच मुलींना केलं. वडील त्या दिवशी हयात होते की नव्हते, यावर पंधरा वर्षं वाद चालला, तो ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात मिटला. हक्क जन्मानं आहे, वडील हयात असण्याची अट नाही. आणि डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं, की सगळ्यात मोठी मुलगी कर्ता होऊ शकते. मुलगी. विधवा सुनेचा प्रश्न यानं सुटत नाही, हेही लक्षात ठेवा. ती सहदायाद नाहीच. तिला नवऱ्याच्या हिश्श्याचा वारसा मिळतो, घराचं कर्तेपण नाही.

इतका कायदा बदलला. पण गावोगावच्या जुन्या नोंदींत 'ए.कु.क.' किंवा 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, तसंच बसलेलं आहे. मुंबई-दिल्लीत कायदा पास व्हायला एक दिवस लागतो. तो सेनगावच्या एका ओळीत उतरायला माणूस लागतो, अर्ज लागतो, चपला झिजवाव्या लागतात.

तिसरा संक्षेप 'अ.पा.क.'. अज्ञान पालनकर्ता. म्हणजे वारस लहान आहे, त्याच्या वतीनं अमुक. आता या 'अज्ञान' शब्दाकडं बघा. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालचा तो अज्ञान आणि वरचा तो सज्ञान. वाढदिवसाच्या रात्री बारा वाजता ज्ञान होतं! ते असो. गमतीची गोष्ट अशी, की ही नोंद वेळेवर कमी करायची राहते. चाळीस वर्षांचा, मिशा पिकलेला गृहस्थ सातबाऱ्यावर 'अज्ञान' म्हणून नांदत असतो. माझ्या ओळखीच्या एकाला मी म्हटलं, "अहो, तुम्ही अजून अज्ञान आहात." तो म्हणाला, "सर, घरची मंडळी बी तेच म्हणतात."

पण पालनकर्ता कोण, हा प्रश्न गमतीचा नाही. हिंदूंसाठी १९५६ चा पालकत्वाचा कायदा आहे. त्यात नैसर्गिक पालक म्हणून बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई असं लिहिलंय. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये आपल्या लहान मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचा अर्ज केला आणि पालक म्हणून आईची सही केली. बापाची सही आणा, असं उत्तर आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १७ फेब्रुवारी १९९९ ला निकाल लागला. न्यायालयानं तो शब्द खोडला नाही. त्याचा अर्थ मोकळा केला. 'त्याच्यानंतर' म्हणजे तो मेल्यावरच असं नाही, तो प्रत्यक्ष सांभाळत नसेल, गैरहजर असेल, तरीही. म्हणजे बाप जिवंत असतानाही आई पालक असू शकते. एका छोट्या शब्दाच्या अर्थासाठी एका बाईला सुमारे पंधरा वर्षं थांबावं लागलं. तरी 'आधी तो, नंतर ती' हा क्रम कायद्याच्या पुस्तकात राहिलाच.

हे सगळं फक्त बायकांपुरतं आहे असं समजू नका. १८७१ मध्ये इंग्रजांनी कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, माणसं विमुक्त झाली. पण 'सराईत' हा शेरा त्याच वस्त्यांवर रेंगाळत राहिला. तुरुंगांच्या नियमावल्यांत जातीवरून कामं वाटणारी वाक्यं उरली होती, ती सर्वोच्च न्यायालयानं ३ ऑक्टोबर २०२४ ला, सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, घटनाबाह्य ठरवली. १९५२ ते २०२४. मोजा वर्षं. आणि त्याआधी २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं स्त्रियांबद्दलचे साचेबंद शब्द निकालांत वापरू नयेत, म्हणून न्यायाधीशांसाठी एक पुस्तिकाच काढली. म्हणजे शब्दांतला पूर्वग्रह हा मोठ्या न्यायालयालाही खरा प्रश्न वाटू लागलाय.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझंच व्याख्यान पक्षपाती होईल. माझे एक वकील मित्र म्हणतात, "सर, तुम्ही 'भ्र.'ला शिव्या घालता, पण त्याच 'भ्र.'मुळं किती विधवांना जमीन मिळाली. नवऱ्याशी नातं कागदावर होतं, म्हणून वारस लागल्या." त्यांचं म्हणणं खरं आहे. खूण पुसून टाकली की न्याय मिळाला, असं होत नाही. माझ्या आत्याच्या कागदावर तर 'भ्र.'सुद्धा नव्हता! असता तर बरं झालं असतं. दिराच्या नावापुढं 'क.' होता, तोच शेवटी उपयोगी पडला, कारण जमीन घराची आहे याचा पुरावा तोच होता. म्हणजे ज्या अक्षरानं तिला झाकलं, त्याच अक्षरानं तिला सोडवलं. पण केव्हा? कुणीतरी ते उलगडून वाचलं तेव्हा.

म्हणून माझा आग्रह संक्षेप बंद करण्याचा नाही. तो उलगडून वाचण्याचा आहे. तीन प्रश्न घेऊन घरी जा. कागदावर एखादं अक्षर दिसलं, की पहिला प्रश्न : याचा पूर्ण शब्द काय? समजल्यासारखं करू नका, विचारा. तलाठ्याला विचारा, वकिलाला विचारा. माझ्यासारखं लाजत बसू नका. दुसरा : हे अक्षर कोणाच्या वतीनं बोलतं, आणि ज्यांच्या वतीनं बोलतं त्यांची नावं कुठं आहेत? तिसरा : हीच खूण उलट बाजूला लावता येते का? नसेल येत, तर का नाही?

लोकांनी हे केलंय, बरं का. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींच्या आवाहनावरून लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन लावायची. कायद्यानं सांगितलं नव्हतं, कोर्टाचा हुकूम नव्हता. आपल्या सातबाऱ्यावरची ओळ आपणच वाचायची आणि आपणच बदलायची. आणि आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदावर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम महाराष्ट्रानं ठरवलाय. 'पि.'च्या आधी आई आली. लग्न झालेल्या बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव लावायची रीत तशीच ठेवली आहे. म्हणजे अर्धं काम झालं.

वेळ होत आली. आत्याचं काय झालं, तेवढं सांगून थांबतो. अकरा वर्षांनी तडजोड झाली. दिराची मुलं वाईट नव्हती, त्यांनाही ती तीन अक्षरं कुणी वाचून दाखवली नव्हती. थोडीशी जमीन आत्याच्या आणि तिच्या लेकीच्या नावावर लागली. नवी नक्कल घेऊन ती पुन्हा माझ्याकडं आली. या वेळी मी तयारीत होतो. बोट ठेवून दाखवलं, हे तुझं नाव, हा 'भ्र.', हे मामांचं नाव. तिनं बराच वेळ कागदाकडं बघितलं. वाचता येत नव्हतं, तरी बघितलं. मग म्हणाली, "एवढं लहान लिहितेत व्हय माणसाला?"

तिच्या या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा आलं नाही, आजही येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर आता सांगा. नसेल, तर घरी जाऊन आपापल्या घरातला एक कागद काढून मोठ्यानं वाचा, पूर्ण शब्दांत, घरातल्या बायकांना समोर बसवून.